जॅझ संगीताचा हरपलेला खर्ज

जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांना अमेरिकेंतील १९२० ते १९३० ह्या दशकांतील नृत्यसंगीताच्या तबकड्या लावल्या असतां एक विलक्षण आवाज वारंवार भेटतो. कॉर्नेट, क्लॅरिओनेट, ट्राँबोन हीं वाद्यें वर आपापसांत बोलत असतात, बँजोचा खणखणाट चाललेला असतो, आणि ह्या सर्वांच्या खालीं कोणी तरी जाड, किंचित् घोगऱ्या, पण अत्यंत स्पष्ट आवाजांत पावलें टाकीत असतें. तो डबल बास नव्हे. कारण त्यांत तारेचा झंकार नाहीं. तो ट्यूबाहि नव्हे. कारण ट्यूबाचा गोल, फुगीर स्वर निराळा. मधूनच हा खालचा आवाज आपलें ठेक्याचें काम टाकून वर झेंप घेतो, दोन-चार मात्रांची एखादी खोडकर तान मारतो, आणि कांहीं घडलेंच नाहीं अशा साळसूदपणें पुन्हां आपल्या जागीं येऊन बसतो. हा आवाज बास सॅक्सोफोनचा. दहा-पंधरा वर्षें तो पाश्चात्य नृत्यसंगीतांत जागोजागीं होता. पुढें जवळजवळ नाहींसा झाला. तो कां आला आणि कां गेला, ह्याचें उत्तर संगीताच्या इतिहासापेक्षां यंत्राच्या इतिहासांत अधिक सांपडतें. परंतु सगळें उत्तर तेथें सांपडत नाहीं. आणि जें उरतें तेंच अधिक ऐकण्याजोगें आहे.

सॅक्सोफोन हें वाद्य बेल्जममधील दीनां गांवीं १८१४ सालीं जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स नांवाच्या कारागिराच्या डोक्यांतून निघालें. त्याचें पेटंट त्याला १८४६ सालीं पॅरिसमध्यें मिळालें. देह पितळेचा, पण मुखाशीं क्लॅरिओनेटप्रमाणें वेताची पातळ पट्टी. ती फुंकरीनें थरथरते आणि नळींतील हवेला बोलकें करते. सॅक्सनें एकच वाद्य नव्हे, तर अगदीं वरच्या स्वरापासून अगदीं खालच्या स्वरापर्यंत वाद्यांचें सबंध कुटुंबच योजिलें होतें. गंमत अशी कीं, आज जे लहान सॅक्सोफोन सर्वत्र दिसतात, त्यांच्या आधीं ह्या कुटुंबांतील थोरला भाऊ जगापुढें आला. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ ह्यानें १८४२ सालींच पॅरिसच्या एका वृत्तपत्रांत ह्या नव्या वाद्याचें कौतुक केलें, तें ह्या खालच्या स्वराच्या सॅक्सोफोनचें होतें.

बास सॅक्सोफोन उभा केला तर चार फुटांहून उंच. वजन वीस पौंडांच्या घरांत. नेहमींच्या टेनर सॅक्सोफोनच्या बरोबर एक सप्तक खालीं त्याचा स्वर. त्याला भरण्यास लागणारा श्वास इतका, कीं नवशिक्याला चार सुरांतच घेरी यावी. पाश्चात्य अभिजात संगीतानें त्याला फारसें जवळ केलें नाहीं. रिचर्ड स्ट्राउस ह्यानें आपल्या ‘सिंफोनिया डोमेस्टिका’ ह्या कृतींत चार सॅक्सोफोन मागितले आहेत व त्यांत एक बास आहे; परंतु ते ऐच्छिक म्हणून लिहिल्यामुळें बहुतेक वाद्यवृंद ते गाळूनच मोकळे होतात. लष्करी बँड आणि अमेरिकेंतील विविध मनोरंजनाचे रंगमंच, हेंच त्याचें पहिलें घर. विदूषकी पोशाखांत सहा सॅक्सोफोन वाजविणारे ‘सिक्स ब्राउन ब्रदर्स’ १९११ पासून तबकड्यांवर ऐकूं येऊं लागले, आणि त्यांच्या पंक्तींत हा थोरला भाऊ हशा पिकविण्याचें काम करीत असे. इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट गांवीं कॉन व ब्यूशर ह्या कारखान्यांत सॅक्सोफोन मोठ्या संख्येनें बनत. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेला ह्या वाद्याचें जें वेड लागलें, त्यांत बास सॅक्सोफोनहि घरोघर नसला तरी बँडोबँडीं पोंचला.

परंतु बँडवाल्यांना त्याची खरी गरज पडली ती दुसऱ्याच कारणानें. त्या काळीं ध्वनिमुद्रण विजेवांचून होत असे. खोलीच्या भिंतींतून एक मोठा कर्णा डोकावत असे. गाणाऱ्यानें किंवा वाजविणाऱ्यानें त्याच्या तोंडांत आवाज घालावयाचा, त्या हवेच्या धक्क्यानें कर्ण्याच्या निमुळत्या टोंकावरील पडदा थरथरावयाचा, आणि पडद्याला जोडलेल्या सुईनें फिरत्या मेणावर रेघ कोरावयाची. मध्यें दुसरी कोणतीहि शक्ति नाहीं. कलकत्त्यास १९०२ सालीं गौहरजानचें गाणें फ्रेड गैसबर्गनें उतरून घेतलें तें ह्याच रीतीनें. ही रीत मानवी कंठाला मानवत असे, कॉर्नेटलाहि मानवत असे. परंतु सेकंदास दोनशें-अडीचशें कंपनांच्या खालचे स्वर त्या पडद्याला जवळजवळ हलवूंच शकत नसत. उलट मोठ्या ढोलाचा आघात झाला तर सुई उडून मेणावरची रेघ बिघडण्याची धास्ती.

ह्याचा परिणाम प्रत्यक्ष संगीतावर झाला. जॅझची पहिली तबकडी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडची १९१७ सालची. तिच्यांत खर्जाचें वाद्य मुळींच नाहीं. १९२३ च्या एप्रिलमध्यें किंग ऑलिव्हर आपला ताफा घेऊन इंडियानांतील रिचमंड गांवीं जेनेट कंपनीच्या मुद्रणगृहांत गेला. ती इमारत लोहमार्गाला इतकी लागून होती, कीं गाडी आली म्हणजे काम थांबवून बसावें लागे. ह्या ताफ्यांतील बिल जॉन्सन हा डबल बासवरचा नामांकित हात. पण तेथें त्याच्या हातीं बँजो आला. बेबी डॉड्स ह्या ढोलकऱ्याला आपला मोठा ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर भागवावें लागलें. त्या ताफ्यांत तेव्हां तरुण लुई आर्मस्ट्राँग दुसरा कॉर्नेट वाजवीत होता. म्हणजे जगानें पुढें ज्या संगीताची पूजा केली, त्याचें पहिलें दर्शन पायांवांचून झालें. त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ह्याच ताफ्याच्या कांहीं तबकड्यांवर चार्ली जॅक्सन ह्या वादकाचें नांव येतें, तें बास सॅक्सोफोनसह.

आतां कोणीहि विचारील कीं, कर्ण्याला खालचे स्वर पोंचतच नव्हते, तर बास सॅक्सोफोनचा तरी कसा पोंचला? त्याचा सर्वांत खालचा स्वर सेकंदास सुमारें ५२ कंपनांचा. म्हणजे कर्ण्याच्या मर्यादेच्या कितीतरी खालीं. खरें उत्तर असें कीं, तो पोंचलाच नाहीं. हें उलगडण्यास आपल्या तंबोऱ्याकडे वळणें सोईचें. खर्जाची तार छेडली असतां तयार कानाच्या श्रोत्यास तिच्यांतून गंधार ऐकूं येतो, हें गवयांच्या घरांत लहान मुलालाहि ठाऊक असतें. कारण कोणत्याहि स्वरांत मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुपटीचीं, तिपटीचीं, चौपटीचीं अशीं उपकंपनें मिसळलेलीं असतात, आणि तो गंधार म्हणजे खर्जाच्या तारेचें पांचपटीचें उपकंपन होय. तबकडीवर ह्याच्या उलट घडतें. ५२ चें मूळ कंपन गेलें. १०४ आणि १५६ हींहि बहुतेक गेलीं. उरलीं तीं २०८, २६०, ३१२ अशीं वरचीं. परंतु हीं सर्व ५२-५२ च्या अंतरानें उभीं आहेत हें श्रवणेंद्रिय ओळखतें, आणि जो स्वर तबकडीवर नाहींच तो स्वतः पुरवून घेतें. तंबोऱ्याच्या तळांतून कान शिखर शोधतो. जुन्या तबकडींत शिखरांवरून तळ बांधतो.

अर्थात् हें घडण्यास वरचीं उपकंपनें ठसठशीत असावीं लागतात, आणि येथेंच बास सॅक्सोफोनची सरशी होते. वेताच्या पट्टीमुळें आणि तोंडाकडे रुंदावत जाणाऱ्या नळीमुळें त्याचा स्वर उपकंपनांनीं भरगच्च असतो. बोटानें छेडलेल्या डबल बासचा स्वर मऊ, क्षणांत विरणारा व खोलीभर पसरणारा. कर्ण्यापर्यंत तो पोंचेपर्यंत त्यांत कांहीं उरत नसे. ट्यूबा पुष्कळदां वापरीत व तो बरा उमटेहि, पण त्याला चपळाई बेताची. शिवाय सॅक्सोफोनवाल्याजवळ आणखी एक युक्ति होती. जीभ पट्टीला चिकटवून एकदम झटक्यानें सोडली म्हणजे स्वराच्या आरंभीं एक कोरडा ठोक निघतो. तबल्यावर चांटीचा बोल जसा गर्दींतूनहि कानावर येतो, तसा हा ठोक मेणावर स्वच्छ उठे. ठेका कोठें पडला हें नाचणाऱ्याच्या पायांना कळलें म्हणजे झालें. खर्जाचें सगळें गांभीर्य त्यांना नकोच होतें.

अशा रीतीनें हें वाद्य आलें तें दुसऱ्याच्या जागेवरचें बदली म्हणून. पुष्कळ वादकांनीं तें त्याच भावनेनें हातीं धरलें. फ्लेचर हेंडरसनच्या बँडांत टेनरचा पुढें सम्राट ठरलेला कोलमन हॉकिन्स आरंभींच्या वर्षांत अधूनमधून बास सॅक्सोफोन वाजवी; ड्यूक एलिंग्टनकडे ओटो हार्डविक हाहि तो वाजवी. काम एवढेंच, कीं चार मात्रांतील पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर षड्ज आणि पंचम आळीपाळीनें ठेवावयाचे. बदलीच्या माणसाकडून कोणी अधिक अपेक्षिलें नाहीं.

ती अपेक्षा उत्पन्न केली ती एड्रियन रोलिनीनें. हा १९०३ सालीं न्यूयॉर्कमध्यें जन्मला. चार वर्षांचा असतांना वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलांत त्यानें पियानोवर शोपँ वाजविल्याचें सांगतात. १९२२ च्या सुमारास तो ‘कॅलिफोर्निया रँब्लर्स’ ह्या बँडांत शिरला. नांवावर जाऊं नये. ह्या बँडाचा कॅलिफोर्नियाशीं संबंध नांवापुरताच, त्याचें बस्तान न्यूयॉर्कच्या परिसरांत होतें. त्या मंडळींनीं निरनिराळ्या कंपन्यांसाठीं निरनिराळीं टोपणनांवें घेऊन शेकडों गीतें मुद्रित केलीं. मुद्रणगृहांत जावयाचें म्हणजे खर्जाची अडचण आलीच, आणि बास सॅक्सोफोन रोलिनीच्या हातीं आला. पियानोवाल्याचा डावा हात खर्ज सांभाळतो व उजवा गाणें म्हणतो. रोलिनीनें तेंच द्वैत ह्या एका नळींत आणलें. ठेका तर तो देईच, पण दोन ठेक्यांच्या मधल्या रिकाम्या जागा त्याला रिकाम्या दिसत नसत. वरच्या गाण्याला खालून उत्तर देणें, वाक्य संपतांना पुढच्या वाक्याला हात देणें, आणि पाळी आली म्हणजे एवढें धूड कॉर्नेटच्या चपळाईनें नाचविणें, ह्या गोष्टी त्याच्यापूर्वीं ह्या वाद्यावर कोणाच्या मनांत आल्या असतील असें वाटत नाहीं.

त्याच्या स्वभावांतील खोडकरपणा त्याच्या इतर वाद्यांतहि दिसतो. ‘गूफस’ नांवाचें एक सॅक्सोफोनच्या आकाराचें फ्रेंच खेळणें तो तोंडानें फुंकून वाजवी. आंत मात्र आपल्या बाजाच्या पेटीसारख्या धातूच्या पट्ट्या. त्याच्यावरूनच रँब्लर्समधील एका लहान ताफ्याचें नांव ‘गूफस फाइव्ह’ पडलें. दुसरें एक चिमुकलें फुंकवाद्य होतें, त्याला तो ‘हॉट फौंटन पेन’ म्हणे.

१९२५ सालीं व्हिक्टर आणि कोलंबिया ह्या कंपन्यांनीं वेस्टर्न इलेक्ट्रिकची नवी पद्धत स्वीकारली. कर्णा गेला, मायक्रोफोन आला. सेकंदास शंभर कंपनांच्या आसपासचे स्वरहि आतां तबकडीवर उतरूं लागले, आणि ढोल व डबल बास ह्यांचा वनवास संपला. डेट्रॉइटच्या जीन गोल्डकेटच्या बँडांत स्टीव्ह ब्राउन डबल बासच्या तारा फटकारीत वाजवी; १९२७ च्या आरंभींच्या त्यांच्या तबकड्यांत ते फटके असे उठले आहेत, कीं वाद्यावरची लांकडी पट्टी डोळ्यांसमोर उभी राहावी. ज्या अडचणीपायीं बास सॅक्सोफोनला बोलाविलें, ती अडचणच उरली नाहीं. हिशेबाप्रमाणें पाहुण्यानें ह्याच वेळीं निघावयास हवें होतें.

झालें मात्र उलट. बास सॅक्सोफोनचें अत्युत्तम वादन मायक्रोफोन आल्यानंतर दोन वर्षांनीं, १९२७ सालीं मुद्रित झालें. कर्ण्यानें ह्या वाद्याची नुसती रूपरेषा टिपली होती. त्याचा मृदुपणा, पट्टीवरून सरकणाऱ्या हवेचा पोत, हळू वाजवितांना येणारी ऊब, हें सर्व मायक्रोफोननें प्रथम ऐकविलें. ज्या यंत्रानें त्याची गरज संपविली, त्यानेंच त्याचा खरा आवाज उघडा केला. घरोघरचे जुने ग्रामोफोन एका रात्रींत बदलले नव्हते, हेंहि त्याच्या पथ्यावर पडलें. त्या पेट्यांतून डबल बास नीट ऐकूं येण्यास आणखी कांहीं काळ जावा लागला.

त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्यें ओके कंपनीच्या न्यूयॉर्क येथील मुद्रणगृहांत बिक्स बायडरबेक ह्यानें आपल्या ‘गँग’च्या नांवानें दोन दिवसांत सहा गीतें वाजविलीं. कॉर्नेट बिक्सचें, क्लॅरिओनेट डॉन मरेचें, ट्राँबोन बिल रँकचें, पियानो फ्रँक सिन्योरेलीचा, ढोल चॉन्सी मोरहाउसचा. आणि खर्ज रोलिनीचा. ‘अ‍ॅट द जॅझ बँड बॉल’ किंवा ‘जॅझ मी ब्लूज’ ही तबकडी लावून एकदां केवळ तळाकडे कान द्यावा. रोलिनी तेथें नुसता चालत नाहीं. तो मंडळींना ढकलतो, थोपवितो, बिक्सच्या वाक्यानंतर मान डोलविल्यासारखा एखादा स्वर ठेवतो. बिक्सवर त्या संगीताच्या रसिकांनीं आजवर पुष्कळ लिहिलें आहे. पण तो त्या दिवशीं इतका निर्धास्त कां वाजला, ह्याचें निम्में श्रेय खालीं बसलेल्या गृहस्थाकडे जातें, हें फारसें कोणी बोलून दाखवीत नाहीं.

त्याहूनहि नाजूक काम व्हायोलिनवादक जो व्हेनूटीच्या ‘ब्लू फोर’मध्यें आहे. व्हायोलिन, एडी लँगची गिटार, पियानो आणि बास सॅक्सोफोन, एवढीच सामग्री. मंद आवाजाच्या तारवाद्यांच्या शेजारीं हें अवजड पितळ बसवावयाचें म्हणजे देवघरांत हत्ती बांधण्यासारखें. तरी ‘किकिन् द कॅट’ आणि ‘बीटिन् द डॉग’ ह्या त्याच वर्षींच्या तबकड्यांत हत्ती एकहि समई पाडीत नाहीं. ही किमया मायक्रोफोनवांचून झाली नसती. कर्ण्यापुढें गिटारच ऐकूं आली नसती.

त्याच सुमारास रोलिनीनें न्यूयॉर्कच्या एका नव्या नृत्यगृहासाठीं ह्याच उत्तम मंडळींचा एक बँड जमविला. धंदा जमला नाहीं. कांहीं आठवड्यांतच तो मोडला. बिक्स पॉल व्हाइटमनच्या अवाढव्य वाद्यवृंदाकडे गेला, आणि रोलिनीनें १९२७ च्या अखेरीस लंडनची वाट धरली. तेथें मॅनिला येथें जन्मलेला, केंब्रिजांत शिकलेला तरुण फ्रेड एलिझाल्डे सॅव्हॉय हॉटेलांत बँड चालवीत होता. तरुण इंग्रज वादक रोलिनीच्या वादनावर लुब्ध झाले. पण भोजनानंतर ओळखीच्या चालीवर पाय हलविण्यास आलेल्या पाहुण्यांना ही तऱ्हा रुचली नाहीं, आणि १९२९ सालीं सॅव्हॉयशीं असलेला संबंध तुटला. रोलिनी परत गेला तो मंदीच्या तोंडावर.

त्यानंतरची उतरंड लवकर आटोपली. नृत्याची चाल दोन ठेक्यांवरून चार सारख्या ठेक्यांवर आली. ते चार ठेके न थकतां चालविणें डबल बासच्या बोटांना सहज, फुंकणाऱ्याच्या छातीला अवघड. एलिंग्टनकडे वेलमन ब्रॉ, लुई रसेलकडे पॉप्स फॉस्टर अशी डबल बासची नवी पिढी उभी राहिली. व्हाइटमनकडे मिन लीब्रुक ह्यानें बास सॅक्सोफोन आणखी कांहीं काळ टिकवून धरला. बिक्सच्या १९२८ सालच्या तबकड्यांवर खर्ज त्याचा आहे. रोलिनीनें स्वतः १९३४-३५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें आपल्या नांवाचें एक मद्यगृह चालविलें आणि हळूहळू व्हायब्राफोन ह्या नव्या वाद्याकडे मोर्चा वळविला. त्या दशकाच्या अखेरीस त्यानें मुद्रणगृहांत बास सॅक्सोफोन नेणें सोडून दिलें. पुढें हॉटेलांतून वाजविणारें त्याचें जें त्रिकूट प्रसिद्ध झालें, त्यांत व्हायब्राफोन तो वाजवी, जोडीला गिटार असे, आणि खर्ज? तो डबल बासकडे होता. १९५६ सालीं तो फ्लोरिडांत वारला.

पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या लिओनार्ड बर्नस्टाइनच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या वाद्यवृंदांत बास सॅक्सोफोनला जागा होती, ही एक तुरळक नोंद. बाकी त्याचा सांभाळ हौशी व निष्ठावंत मंडळींनीं केला. जो रश्टन १९४७ पासून दीड दशक रेड निकल्सच्या बँडांत तो वाजवीत होता. इंग्लंडांत हॅरी गोल्ड ह्यानें तो आपल्या म्हातारपणापर्यंत खांद्यावरून उतरविला नाहीं. तो २००५ सालीं वयाच्या ९८ व्या वर्षीं गेला. १९७० नंतरच्या काळांत व्हिन्स जिऑर्डानो ह्यानें ‘नाइटहॉक्स’ नांवाचा बँड काढून जुन्या लिखित प्रतींवरून तें संगीत पुन्हां उभें केलें. ट्यूबा, डबल बास व बास सॅक्सोफोन हीं तिन्ही खर्जवाद्यें तो गीताच्या वर्षाप्रमाणें बदलून वाजवी.

परंतु रोलिनीचा सर्वांत मोठा वारसदार बास सॅक्सोफोनवाला नव्हता. १९२७ सालींच ड्यूक एलिंग्टनच्या बँडांत हॅरी कार्नी नांवाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णी मुलगा आला. बॅरिटोन सॅक्सोफोन, म्हणजे बासच्या लगतचा धाकटा भाऊ, हें त्याचें वाद्य. वरच्या स्वरांत कोलमन हॉकिन्स आणि खालच्या स्वरांत एड्रियन रोलिनी ह्यांच्यासारखें वाजावें हा आपला प्रयत्न होता, असें त्यानें पुढें सांगितलें. त्या काळच्या अमेरिकेंत गोऱ्या व काळ्या वादकांनीं एका व्यासपीठावर एकत्र बसणें जवळजवळ अशक्य होतें. शिकवणी झाली ती तबकड्यांवरून. कार्नीनें एलिंग्टनचा बँड कधीं सोडला नाहीं. सत्तेचाळीस वर्षें त्या वाद्यवृंदाचा तळ त्याच्या जाड, धारदार स्वरावर उभा राहिला. १९७४ च्या मे महिन्यांत एलिंग्टन वारला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कार्नीहि गेला.